गव्हाणीत उसाचं वाढं

नमस्कार मंडळी. गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की नाताळ येतोय तर रोज वीस मिनिटं काढा, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय, येशूच्या जन्माचा, हळू वाचा, मग डोळे मिटा आणि त्या गव्हाणीपाशी जाऊन बसा, नुसतं डोक्यानं नाही तर डोळे, कान, नाक, जीभ, हात सगळं घेऊन बसा. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आलेत की ह्या वेळी दुसरा विषयच घेत नाही. काहींना आनंद झालाय, काही घाबरलेत, एकदोघं रागावलेत पण. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, जे प्रश्न बऱ्याच जणांचे आहेत ते घेते. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न (कागल तालुक्यातले एक शेतकरी भाऊ): बाई, तुम्ही लिवल्यावर मी बसलो. पण मला बेथलेहेम काय दिसंना, माझाच गोठा दिसाय लागला. दावणीला आमची म्हस, खाली शेण, गव्हाणीत उसाचं वाढं टाकलेलं आणि त्या वाढ्यावर बाळयेशू. वाढ्याची पात किती कापती ते तुम्हास्नी म्हाईत असंल, मी मनातल्या मनात ते वाढं बाजूला काढलं आणि वाळला कडबा हातरला, तवा कुठं जिवाला बरं वाटलं. घरात सांगितलं तर पोरगा म्हणाला, आप्पा, बेथलेहेमात ऊस कुठला आणि म्हस कुठली, हे सगळं तुमच्या मनाचं आहे. तवापास्नं बसायचं बंद केलंय. मी देवाम्होरं खोटं तर बघत नव्हतो?

उत्तर: भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या कडब्यापाशी थांबले. आधी तुमच्या मुलाचं म्हणणं घेऊ, तो इतिहासाच्या बाजूनं बरोबर बोलतोय, त्याच्यावर रागावू नका. पण प्रार्थनेत तुम्ही जे केलंत ते खोटं नाही, आणि का नाही ते नीट सांगते, कारण हाच प्रश्न अजून बऱ्याच जणांच्या मनात आहे.

ही पद्धत ज्यांच्यामुळं चर्चमध्ये सगळीकडं पसरली ते संत इग्नेशियस लोयोला. स्पेनमधले, शिपाईगडी. १५२१ मध्ये पांपलोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून पाय मोडला आणि महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहावं लागलं. घरात वाचायला होतं काय, तर ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. ते पडल्या पडल्या स्वप्नं रंगवायचे, कधी दरबारातल्या पराक्रमाची, कधी आपण संतांसारखं जगलो तर कसं होईल ह्याची. दोन्ही कल्पनाच, दोन्ही रंगवताना मजाच यायची. पण पहिली संपली की मन कोरडं पडायचं आणि दुसरी संपल्यावरसुद्धा आनंद मागं राहायचा. ह्या फरकाकडं त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांचं सगळं आयुष्य तिथनं फिरलं. म्हणजे बघा, देवानं त्या माणसाला धरलं ते कल्पनेच्याच हातानं.

पुढं १५२३ मध्ये ते जेरुसलेमला गेले. जैतुनाच्या डोंगरावर एक दगड आहे, प्रभू स्वर्गात गेला तेव्हाचे त्याच्या पावलांचे ठसे त्यावर आहेत असं भाविक मानतात. इग्नेशियसनी रखवालदाराला आपला चाकू देऊन तो दगड बघितला, तिथनं पुढं बेथफगेला गेले आणि तिथं आठवलं की उजवं पाऊल कुठल्या बाजूला आणि डावं कुठल्या हे नीट बघायचंच राहिलं. परत फिरले, ह्या वेळी रखवालदाराला कात्री दिली आणि परत बघून आले! इतका बारकाव्याचा माणूस. आणि हाच माणूस जेव्हा साधनेचं पुस्तक लिहितो, ज्याला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल ह्यांनी मान्यता दिली, तेव्हा बेथलेहेमबद्दल काय लिहितो? नासरेथहून जायचा रस्ता बघा, लांब आहे का, रुंद आहे का, सपाट आहे का दऱ्याडोंगरातनं जातोय, ती जन्माची गुहा लहान आहे का मोठी, ठेंगणी का उंच, आत काय काय मांडलंय. सगळे प्रश्नच! स्वतः त्या मुलखात जाऊन आलेला माणूस, पण ‘ती अशी होती’ असं सांगून मोकळा होत नाही. बघायचं काम तुमच्यावर सोडतो. उलट शुभवर्तमानात नसलेली एक दासी आणि एक बैल त्या प्रवासात स्वतःच घालतो.

बैलाचंच घ्या. आपण सगळेजण क्रिबमध्ये, म्हणजे नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यात, बैल आणि गाढव ठेवतो, पण लूकच्या अध्यायात दोन्ही नाहीत, काढून बघा. ते आलेत यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातल्या वचनावरनं, की बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखतं. १२२३ च्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसनी इटलीतल्या ग्रेचो गावात गवत घातलेली खरी गव्हाण, खरा बैल आणि खरं गाढव आणून तिथं मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, करवली, का तर त्या बाळाचे हाल आपल्या ह्या डोळ्यांनी बघावेत अशी त्यांची ओढ होती. तो गोठा इटलीतला, गवत तिथल्याच रानातलं. कुणी त्यांना म्हणालं नाही की हे गवत बेथलेहेमचं नाही. आणि आपल्या मराठीत फादर थॉमस स्टीफन्सनी क्रिस्तपुराण छापलं ते १६१६ मध्ये, गोव्यात. जन्मानं इंग्रज माणूस, येशूसंघी, म्हणजे इग्नेशियसनीच सुरू केलेल्या धर्मसंघातला, आणि सगळी ख्रिस्तकथा हजारो ओव्यांत सांगितली. मूळ कथेतली माणसं ओवी म्हणत नव्हती म्हणून ते पुराण खोटं ठरत नाही.

मग खोटं कशाला म्हणायचं? शुभवर्तमानात जे सांगितलंय तेच आपण फिरवलं तर. जागा नव्हती, आईनं बाळंत्यात गुंडाळलं, गव्हाणीत ठेवलं, मेंढपाळ आले, हे आपलं नाही, ह्याला हात लावायचा नाही. समजा तुमच्या कल्पनेत त्यांना राजवाडा मिळाला आणि गरिबी गेली, तर मी म्हणेन भाऊ, परत एकदा अध्याय वाचून या. पण गव्हाणीत वैरण कसली, बाहेर थंडी किती, म्हशीचा श्वास किती गरम, हे तुमच्या गोठ्यातनंच येणार, दुसरं येणार कुठनं? तुम्ही आयुष्यभर ज्या वासात उठलात बसलात तोच वास तुमच्याजवळ आहे. देव माणूस झाला म्हणजे ह्याच सगळ्यात आला. योहानाच्या पहिल्या पत्राची सुरुवात बघा, आम्ही जे ऐकलं, जे डोळ्यांनी पाहिलं, ज्याला आमच्या हातांनी चाचपलं. चाचपलं, हा शब्द आहे तिथं.

आता कडबा. इग्नेशियस सांगतात की त्या ठिकाणी स्वतःला एक गरीब सेवक समजा, त्यांच्याकडं बघत राहा आणि त्यांना जे लागेल ते प्रत्यक्ष हजर असल्यासारखं करा. तुम्ही हे पुस्तक वाचलेलं नाही आणि नेमकं तेच केलंत, बाळाच्या अंगाला पात लागेल म्हणून वाढं काढून कडबा अंथरला. ह्या प्रार्थनेत बघण्यापेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे. आजच्या आज परत बसा. आणि मुलाला म्हणावं, तूही ये, तुला काय दिसतंय ते सांग.

प्रश्न (राजारामपुरी, वय सव्वीस, सॉफ्टवेअरमध्ये): बाई, मी तुमचाच विद्यार्थी. मी चार दिवस ट्राय केलं, डोळे मिटले की नुसता काळा पडदा. लहानपणापासूनच असं आहे, मित्र म्हणतात आम्हाला डोळ्यांसमोर चित्र दिसतं, मला आईचा चेहरासुद्धा मिटल्या डोळ्यांनी दिसत नाही. म्हणजे ही प्रार्थना माझ्यासाठी नाहीच का?

उत्तर: बाळा, तुझ्यासारखी बरीच माणसं असतात, आणि २०१५ मध्ये ॲडम झीमन नावाच्या ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याला अफँटेसिया असं नाव पण दिलंय. तो आजार नाही, काही मेंदू चित्र काढत नाहीत इतकंच. आणि तुला आवडेल अशी गोष्ट सांगते, प्रार्थनेवर सगळ्यात जास्त ज्यांचं ऐकलं जातं त्या सोळाव्या शतकातल्या, स्पेनमधल्या आविलाच्या संत तेरेसा स्वतः लिहून गेल्यात की त्यांना कल्पनेनं चित्र उभं करता यायचंच नाही, प्रभूची कितीही चित्रं बघितली तरी. त्या म्हणतात, आंधळा माणूस किंवा अंधारात बसलेला माणूस कुणाशी तरी बोलतो, समोरचा तिथं आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं पण दिसत नाही, तशी माझी अवस्था. त्या रोज रात्री झोपायच्या आधी गेथशेमाने बागेत, जिथं प्रभूनं पकडला जायच्या रात्री प्रार्थना केली तिथं, त्याच्याजवळ थोडा वेळ राहायच्या, आणि शेतं, पाणी, फुलं ह्यांच्याकडं बघूनही त्यांचं मन देवाकडं वळायचं. हातात पुस्तक धरल्याशिवाय त्यांना कितीतरी वर्षं प्रार्थनेला बसवत नव्हतं. १९७० मध्ये चर्चनं त्यांना धर्मपंडित म्हणून घोषित केलं, तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

दुसरं म्हणजे इंद्रियं पाच आहेत, एकटे डोळे नाहीत. हे मी माझ्या अनुभवावरनं सांगते. पस्तिशीत पहिल्यांदा आठ दिवसांच्या मौन रिट्रीटला, म्हणजे एकांतातल्या साधनेला, गेले होते, तिथल्या सिस्टरनी योहानाचा तेरावा अध्याय दिला, प्रभू शिष्यांचे पाय धुतो तो. मलाही स्पष्ट असं काही दिसलं नाही. पण पाण्याचा आवाज आला, आमच्या घरच्या तांब्याच्या घंगाळात पाणी ओतल्यासारखा, आणि मग पाण्याचा कोमटपणा पायाला लागला. मी शाळेत दिवसभर उभी असायचे, टाचांना भेगा, आणि मला काय झालं माहीत नाही, मी पाय मागं घेतले, साडीखाली लपवले, म्हटलं हे पाय नको प्रभू. तिथंच अडकले. पेत्र हा शिष्य प्रभूकडनं पाय धुवून घ्यायला का नको म्हणाला ते मी पंचवीस वर्षं ऐकत होते आणि मला कधी कळलं नव्हतं, त्या दिवशी टाचेला कळलं. दुसऱ्या दिवशी तोच उतारा परत, तिसऱ्या दिवशी परत, तेव्हा कुठं पाय पुढं केले. घरी आल्यावर सासूबाईंचे पाय, जे तोपर्यंत कामाला येणाऱ्या मावशी धुवायच्या, ते मी धुवायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं.

इग्नेशियसच्या चार आठवड्यांच्या साधनेत दुसऱ्या आठवड्यात दिवसाची पाचवी प्रार्थना अशीच असते, नवीन उतारा घ्यायचा नाही, दिवसभर ज्यावर बसलो त्यावरच एक एक इंद्रिय लावत जायचं. बघायचं, ऐकायचं, देवपणाचा सुगंध आणि गोडवा ह्यांचा वास घ्यायचा नि चव घ्यायची, आणि ती माणसं जिथं चालली बसली त्या जागेला हात लावायचा, तिचं चुंबन घ्यायचं. म्हणून तू चित्र सोड. आवाज घे, स्पर्श घे. आईचा चेहरा दिसत नाही म्हणतोस, पण ती कॉलेजला जाताना डोक्यावरनं फिरवायची तो हात आठवतो ना? तिथनं सुरुवात कर.

प्रश्न (इचलकरंजी): येशू म्हटलं की मला कॅलेंडरवरचा निळ्या डोळ्यांचा चेहराच येतो, नाहीतर टीव्हीवरच्या मालिकेतला नट. लाज वाटते. काय करावं?

उत्तर: ताई, लाज कशाची, जे बघितलं तेच येणार. त्याच्याशी भांडू नका, भांडलं की ते जास्तच येतं. चारही शुभवर्तमानांत प्रभूच्या चेहऱ्याचं वर्णन एका ओळीचंही नाही, त्यामुळं बरोबर चेहरा असा कुणाजवळच नाही. तुम्ही त्याच्या हातांकडं बघा, सुताराचे हात होते ते. किंवा पाठमोरा चालतोय आणि तुम्ही मागनं चालताय असं घ्या. चेहरा त्याला दाखवायचा असेल तेव्हा तो वळेल.

प्रश्न (मंगळवार पेठ): मी ख्रिस्ती नाही, मैत्रिणीकडं तुमचं सदर वाचते. माझी आजी रोज पहाटे अंबाबाईची मानसपूजा करायची, डोळे मिटून देवीला स्नान, हळदकुंकू, साडी, खणानारळाची ओटी, सगळं मनातल्या मनात, आणि शेवटी तिला खरंच फुलांचा वास यायचा म्हणे. तुमचं हे तेच आहे का?

उत्तर: तुमच्या आजींना माझा नमस्कार. मी कोल्हापुरात वाढले, किरणोत्सवाच्या संध्याकाळी मावळतीची किरणं देवीच्या पायांपासून वर वर सरकतात तेव्हा महाद्वार रोडवर माणसं श्वास धरून उभी असतात हे मी लहानपणापासून बघत आलेय. माणसाला देवाजवळ डोळ्यांनी, नाकानं, हातानं जायचं असतं, ही ओढ एकच आहे, आणि तुम्हाला आजींमुळं आमची गोष्ट पटकन कळेल.

फरक पण सांगते, कारण न सांगणं बरोबर नाही. मानसपूजेत भक्त एक एक उपचार ठरल्या क्रमानं अर्पण करतो, पूजा तो करतो. आमच्या ह्या प्रार्थनेत आपण एका घडलेल्या गोष्टीत शिरतो, एका ठरावीक देशात, एका ठरावीक राजाच्या काळात जगलेल्या माणसाच्या आयुष्यातल्या एका प्रसंगात, आणि पुढं काय होणार हे आपल्या हातात नसतं. आपण तिथं उभं राहायचं आणि तो काय करतो, काय म्हणतो ते बघायचं. शेवटी त्याच्याशी बोलायचं, एक मित्र दुसऱ्या मित्राशी बोलतो तसं, हे शब्द इग्नेशियसचेच. आणि मनाची शांती हे ह्यातलं ध्येय नाही, शांती मिळाली तर छानच, पण कधी कधी माणूस उठतो तेव्हा आधीपेक्षा अस्वस्थ असतो, कारण प्रभूनं काहीतरी मागितलेलं असतं.

इंद्रियांवर लक्ष ठेवून प्रार्थना शिकवणारे आपल्याकडचे मोठे माणूस म्हणजे येशूसंघी फादर अँथनी डिमेलो. १९३१ मध्ये मुंबईत जन्मले, आधी पुण्यात आणि मग लोणावळ्याला त्यांनी साधना संस्था चालवली, आणि श्वास, अंगावरच्या कपड्यांचा स्पर्श, आजूबाजूचे आवाज ह्यांकडं लक्ष देत देत देवापर्यंत कसं जायचं हे हजारो लोकांना शिकवलं. त्यांच्या मृत्यूनंतर ११ वर्षांनी, १९९८ मध्ये, त्यांच्या काही लिखाणातले विचार कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत अशी सूचना व्हॅटिकननं काढली, तेही सांगायला हवं. मला त्यांच्या श्वासाच्या आणि आवाजाच्या सरावांचा फार उपयोग झालाय, मी ते प्रभूसमोर बसण्याची तयारी म्हणून वापरते, पुढचं सगळं शुभवर्तमानातनं घेते.

प्रश्न (गडहिंग्लज, वय चौऱ्याहत्तर): बाई, मी उलट्या बाजूची. चाळीस वर्षं रोझरी (जपमाळ) करताना येशूमरियेच्या आयुष्यातलं एक एक रहस्य डोळ्यांसमोर उभं राहायचं, क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला तर रडू आवरायचं नाही. दोन वर्षं झाली, सगळं गेलं. चित्र येत नाही, आणलं तर टिकत नाही, रडू येत नाही. मी नुसती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर साक्रामेंताकडं (वेदीपाशी ठेवलेल्या पवित्र भाकरीकडं) तोंड करून बसून राहते. तुमचा लेख वाचून जास्तच वाईट वाटलं. माझी श्रद्धा गेली का हो?

उत्तर: आजी, तुम्हाला वाईट वाटलं ह्याची मला खंत आहे, तो लेख सुरुवात करणाऱ्यांसाठी होता आणि मी ते स्पष्ट लिहायला पाहिजे होतं. तुमचं उत्तर मोठं देते.

आपल्याकडं कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असतो, कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा सगळ्यांना माहीत आहे. पावसाळा सरला की त्याच्या खांबांमध्ये बरगे घालतात, पाणी अडतं, उन्हाळाभर पिकाला, माणसाला पुरतं. बरगे नसले तर पाणी वाहून जाईल. पण पावसाळ्याच्या तोंडावर तेच बरगे काढावे लागतात, आता नदीला त्यांची गरज नसते, उलट पुराच्या पाण्याला ते आडवे येतात. ते फेकून देत नाहीत, पुढच्या सालाला लागतात म्हणून काठावर रचून ठेवतात.

प्रार्थनेतली कल्पना म्हणजे हे बरगे. मन इकडंतिकडं वाहून जातं, त्याला अडवायला गव्हाण, क्रूस, विहिरीपाशी बसलेला प्रभू ही चित्रं लागतात. पण देवच स्वतः भरून यायला लागला की चित्रं धरून ठेवणं म्हणजे पुरात बरगे धरून बसणं. संत जॉन ऑफ द क्रॉस, तेरेसांचे सोबती, ह्यांनी हे फार बारकाईनं लिहिलंय. सुरुवातीला मनातली चित्रं आणि मनन हवंच, ते म्हणतात, पण त्या पायऱ्या आहेत, पायरीवरच बसून राहिलं तर वर पोचायचं कसं. आणि कधी सोडायचं ह्याच्या त्यांनी तीन खुणा दिल्यात. एक, पूर्वीसारखं चित्र आणून मनन करणं आता जमतच नाही आणि त्यात गोडी उरलेली नाही. दोन, मन दुसऱ्या कुठल्या गोष्टीतही रमू इच्छित नाही, म्हणजे प्रार्थनेत चित्र नाही पण टीव्ही सिरीयलमध्ये मात्र जीव गुंतलाय असं नाही. तीन, आणि ही सगळ्यात पक्की, देवाकडं प्रेमानं लक्ष लावून, कसलाही विशेष विचार न करता, एकटं शांत बसावंसं वाटतं. तिन्ही एकत्र दिसल्या तर घाबरायचं नाही. कोरडं वाटतं कारण देव जे देतोय ते आता इंद्रियांना कळण्यासारखं नाही, खोल कुठंतरी मुरतंय.

इथं एक शब्दाचा घोळ पण होतो. इग्नेशियस ज्याला कंटेंप्लेशन, म्हणजे ध्यान, म्हणतात ते चित्रांनी, इंद्रियांनी भरलेलं असतं, आणि जॉन ऑफ द क्रॉस ज्याला कंटेंप्लेशन म्हणतात तिथं चित्रच नसतं, देव स्वतः मुकाट्यानं आत ओततो ते. एकच शब्द, आणि माणसं एकाचं पुस्तक वाचून दुसऱ्याच्या पायरीवर स्वतःला मोजतात. तुमचं दुःख मला वाटतं तिथनंच आलंय.

आजी, तुम्ही लिहिलंय, ‘नुसती साक्रामेंताकडं तोंड करून बसून राहते.’ फ्रान्समधल्या आर्स गावचा एक शेतकरी असाच चर्चमध्ये बसायचा, त्याच्या धर्मगुरूंनी, संत जॉन व्हियानींनी, विचारलं काय करतोस, तर म्हणाला, मी त्याच्याकडं बघतो आणि तो माझ्याकडं बघतो. चर्चच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात कंटेंप्लेशन म्हणजे काय हे सांगताना ह्याच माणसाचं वाक्य घेतलंय. तुमचा शेवटचा बाक आणि त्याचा बाक एकच आहे असं मला मनापासून वाटतं.

पण एक जपा. बरगे काठावरच ठेवा. तेरेसांनी एका काळात कुठल्याशा पुस्तकांचं ऐकून प्रभूचं मानवी रूपच बाजूला ठेवायचा प्रयत्न केला होता आणि त्याचा त्यांना पुढं फार पश्चात्ताप झाला, आपल्या हट्टानं सोडायचं नाही असं त्या बजावतात. एखाद्या शुक्रवारी क्रूसाच्या वाटेवर चित्र आलं, रडू आलं, तर येऊ द्या. आणि ही खिन्नता दिवसभर राहत असेल, जेवण झोप गेली असेल, तर ते वेगळं, सुनेला सांगून डॉक्टरांना दाखवा, त्यात श्रद्धेचा काही संबंध नाही.

प्रश्न (कोल्हापूर, भाग लिहू नका म्हणालेत): डोळे मिटून बसल्यावर मला प्रभूचा आवाज स्पष्ट आला, गोळ्या बंद कर, तू बरा झालायस. आवाजाबरोबर प्रकाश होता आणि अंगात ऊब. मी बंद करू का?

उत्तर: नाही. भाऊ, गोळ्या अजिबात बंद करू नका आणि हा मेसेज जसाच्या तसा तुमच्या डॉक्टरांना दाखवा, एकटे जाऊ नका, घरातल्या कुणाला तरी बरोबर घ्या.

प्रकाश आणि ऊब ह्याबद्दल रोमनं १९८९ मध्ये ध्यानावर एक पत्र काढलं होतं, त्यात स्पष्ट म्हटलंय की ध्यानात शरीराला अशा जाणिवा होऊ शकतात, पण त्यांनाच पवित्र आत्म्याचं सांत्वन समजणं साफ चूक आहे. संत जॉन ऑफ द क्रॉस तर म्हणतात की कसलंही दर्शन वा आवाज आला तरी त्याला धरून बसू नका, ते देवाचं असेल तर त्याचं काम ते तुमच्या धरण्याशिवायही करून जातं. कल्पना देवाची भेट आहे पण तीच आपल्याला फसवूही शकते, म्हणून तर तिच्या जोडीला एक अनुभवी माणूस लागतो ज्याला सगळं सांगता येईल. तुम्ही मला सांगितलंत हे फार चांगलं केलंत. आता फादरांना पण सांगा.

प्रश्न (शाहूपुरी, दोन मुलांची आई): मला सगळं पटलं पण कुठं बसू? दोन खोल्या, सासरे टीव्ही मोठ्यानं लावतात, कुकरच्या शिट्ट्या, खाली गूळ उतरवणाऱ्या गाड्यांचे हॉर्न. शांतता मिळतच नाही. पहिल्यापासून सांगा कसं करायचं.

उत्तर: ताई, तुझ्यासाठी मार्कचा दहावा अध्याय, वचनं ४६ ते ५२. बार्तीमय नावाचा आंधळा यरीहोच्या रस्त्याकडेला बसलाय. त्याला दिसत काहीच नाही, सगळं कानानंच, आणि कानावर काय तर गर्दी, गोंगाट, गप्प बस म्हणून ओरडणारी माणसं. त्या गोंगाटातच त्याला कळतं की येशू जातोय. तुझा टीव्ही, कुकर आणि हॉर्न ही त्या रस्त्यावरची गर्दी समज. खरंच तशीच समज, त्यांना बाहेर ढकलू नकोस.

बसायच्या आधी जागेपासून एक दोन पावलं मागं उभी राहा, एक ‘हे आमच्या बापा’ म्हणायला लागतो तेवढा वेळ, आणि देव आत्ता माझ्याकडं कसा बघतोय एवढंच मनात आण. हे पण इग्नेशियसचंच, आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं, कारण आपण नेहमी आपण देवाकडं बघायच्या घाईत असतो. मग बस, मांडी घालून, खुर्चीवर, कशीही. उतारा दोनदा वाच, दुसऱ्यांदा ओठ हलवत. बाराव्या शतकातले गीगो नावाचे एक मठवासी म्हणायचे की वाचन म्हणजे घास तोंडात घालणं आणि मनन म्हणजे तो चावणं, तर घाईनं गिळू नकोस, एखादा शब्द जिभेवर राहिला तर राहू दे.

मग रस्त्याकडेला बस त्याच्या शेजारी. ऊन, धूळ, घोंगडीचा वास, शेजारच्या माणसाचा कोपर लागतोय. त्याच्याबरोबर हाक मार. लोक गप्प बस म्हणतील, तुझ्या घरातले आवाजही तेच म्हणतायत असं वाटेल. प्रभू थांबतो, बोलावतो, बार्तीमय पांघरूण टाकून उठतो. तूही ऊठ. तो विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं म्हणून तुझी इच्छा आहे? इथं बार्तीमयला बाजूला होऊ दे आणि उत्तर तू दे, आणि जिथं मन भरेल तिथंच थांब, पुढची वचनं संपवायची घाई नको, ती उद्या.

शेवटी एक ‘हे आमच्या बापा’. मुलं उठायच्या आत वहीत दोन ओळी, काय ऐकलं, कुठं अडकले. दुसऱ्या दिवशी नवीन उतारा घेऊ नकोस, जिथं अडकलीस तिथंच परत जा. आठवडाभर हेच कर आणि मग मला लिही.